टेलची पाळी आधी

मी अकरावीत होते तेव्हा मामानं माझ्या धाकट्या भावासाठी मंचरच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे असल्या गोष्टीही मला कळत असतील, असं सगळ्यांना वाटे. मला तर वायर कुठे लावायची तेही कळलं नव्हतं. भावानंच लावली.

उन्हाळ्याची सुट्टी होती. वीज असेल तोवर भाऊ टीव्हीसमोरून हलेना. ताटातली भाकरी वाळून जाई, डोळे लाल होत. त्याच्या बरोबरीची पोरं हाका मारून खेळायला निघून जात. चुलत्याची लहान मुलगी मात्र आपल्याला कधी मिळेल म्हणून त्याच्यामागे बसून राही. एकदा तिनं रिमोट ओढला, तर त्यानं तिला ढकललं. ती उंबऱ्यावर पडली. त्या संध्याकाळी वडील म्हणाले, हे खोकं उद्या कालव्यात जाईल. भाऊ गेम पोटाशी धरून बसला. मला तिचं वाईट वाटत होतं आणि त्याचंही. काय करावं ते सुचेना.

आईला सुचलं. आमचं रान डिंभ्याच्या कालव्यातून निघणाऱ्या चारीवर अगदी शेवटाला, म्हणजे टेलला. पाणी पाळीपाळीनं मिळायचं; वरच्यांनी आपली वेळ संपल्यावरही ते खाली सोडलं नाही, तर आमचा कांदा वाळायचा. भाऊ वडिलांबरोबर पाणी धरायला जायचा, त्यामुळे कोरड्या चारीकडे बघत बसणं त्याला माहीत होतं. आईनं वडिलांकडून एक दिवस मागून घेतला आणि सकाळी त्याला सांगितलं, "आजपास्नं ह्याला बी पाळी. आदी टेलची. धाकटी खेळंल, मंग तू. येळ झाली की वाफा अर्धा ऱ्हायला तरी आपल्या हातानं बंद करायचं."

धाकटी खेळली. मग तो बसला. नेमका त्या दिवशी तो कधी न पोचलेल्या टप्प्यावर पोचला, आणि घड्याळाचा मोठा काटा बारावर आला, त्याची वेळ संपली. वडील रानातून येऊन दारात उभे होते. भावानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि बटण बंद केलं. 

वडिलांनी पाय धुतले, आत येऊन त्याच्याजवळ टेकले. खोक्याबद्दल काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "आमची पाळी कवा रं?"

"तुमी लई वरचं, आबा. तुमची शेवटाला."

वडील हसले. मीही हसले, आणि मग कितीतरी वेळानं मोकळा श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी ते खरंच खेळले. पहिल्याच खड्ड्यात पडले. भाऊ शेजारी बसून त्यांना उडी कधी मारायची ते शिकवत होता. बाहेरून पोरांनी हाक मारली, तेव्हा धाकटीला घेऊन तो पळाला.

आता मी अवसरीला कॉलेजच्या हॉस्टेलवर असते. मैत्रिणी संगणकावर खेळायला बसल्या की मी आधी विचारते, आज टेलला कोण आहे? त्यांना ते मजेचं वाटतं. मला आईची आठवण येते, आणि बरं वाटतं.