एकतीस नंबरचा दगड

बुर्कार्डकाकांचं आडनाव ह्यूमर. पण आमच्या होलर्सब्रुनमध्ये ह्यूमर कुठं राहतात असं विचारलंत, तर लोक क्षणभर बुचकळ्यात पडतात. चाकवाल्याचा बुर्कार्ड म्हटलं की लगेच बोट दाखवतात. त्या घरात शेवटचं गाडीचं चाक बनलं त्याला शंभर वर्षं झाली, पण नाव घराला चिकटलेलं असतं, माणसाला नाही. मी सुताराची. माझे वडील बस चालवतात. नवा पोस्टमन आला की पहिले दोन महिने सगळ्यांची पत्रं भलत्याच दारात पडतात आणि संध्याकाळी लोक ती एकमेकांना पोचवत हिंडतात.

अशा गावात नेमकी एकच गोष्ट होती: हद्दीचे दगड. आणि दगडांच्या बाबतीत शेवटचा शब्द बुर्कार्डकाकांचा.

हद्दीवर दगड बसवायचा हक्क गावात सात जणांना असतो. शपथ घ्यायची आणि मरेपर्यंत पाळायची. दगडाखाली हे सातजण एक खूण पुरतात. ती कशाची असते, कशी मांडलेली असते, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. बायकोलाही नाही. कागदावर तर कधीच नाही. खड्डा उघडला की बाकीच्यांनी पाठ फिरवायची. मी जिल्ह्याच्या मोजणी खात्यात काम करते. सेंटीमीटरचीही चूक न करणारं यंत्र खांद्यावर घेऊन फिरते, आणि तरीही मुकाट्यानं पाठ फिरवते.

बुर्कार्डकाकांनी शपथ घेतली तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. आता त्र्याऐंशी. गुडघे गेलेत, पण दर वसंतात हद्दीची फेरी निघाली की सगळ्यात पुढे तेच. वाटेत थांबून काठीनं दगडाच्या डोक्यावर टकटक करणार आणि म्हणणार, "हा आहे जागेवर." जणू शाळेतली हजेरी.

गेल्या मार्चमध्ये ओढ्याकाठी सायकलवाट करायची ठरली, म्हणून मी मोजणीला गेले. एकतीस नंबरचा दगड ओढ्याच्या वळणावर आहे. एका बाजूला काकांचं कुरण, दुसऱ्या बाजूला बाबेट प्यूलबाईंचं. मी यंत्र लावलं. नकाशा म्हणत होता दगड इथं, आणि दगड उभा होता तिथं. चार मीटर वीस सेंटीमीटर. बाबेटबाईंच्या कुरणात.

मी पुन्हा मोजलं. मग जेवून येऊन पुन्हा मोजलं. चार वीस.

मी सातांच्या म्होरक्याला, लोथारला, सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, पण लोथारला सांगणं म्हणजे चर्चच्या दारावर कागद डकवणं. संध्याकाळी खानावळीतल्या आमच्या ठरलेल्या टेबलावर काका पत्ते पिसत असतानाच तो म्हणाला, "काय रे बुर्कार्ड, चार मीटर! जरा हात आखडता घ्यायचा होतास."

"कुणाचे चार मीटर?"

"एकतीसचे. तुम्ही बापलेकांनी बसवलेला ना तो? पासष्ट साली?"

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं ते यंत्र आकाशातून बघतं ना गं?"

"हो काका. उपग्रहावरून."

"मग ढगांनी गोंधळ केला असेल."

"ढगांनी काही होत नाही, काका."

"मग ते उपग्रह प्रोटेस्टंट असतील," कोपऱ्यातून आवाज आला आणि टेबल हसून हसून हललं. याचा अर्थ आम्हाला सांगावा लागत नाही. ओढ्याच्या अलीकडचं गाव पूर्वी बिशपचं, पलीकडचं एका सरदाराचं. अलीकडचे कॅथलिक राहिले, पलीकडचे सरदाराबरोबर प्रोटेस्टंट झाले. सरदार गेला, बिशपचं राज्य गेलं, दोन चर्चं मात्र राहिली. दोन्ही घड्याळांत अजून चार मिनिटांचा फरक आहे आणि कुणाचं बरोबर यावर एकमत झालेलं नाही.

त्या रात्री काका बिअर अर्धी टाकून उठले. आणि टेबलावर ती जुनी गोष्ट निघालीच: हद्दीचा दगड सरकवणारा माणूस मेल्यावर जळत्या अंगानं बांधाबांधानं फिरतो, तापलेला दगड खांद्यावर घेऊन. दिसेल त्याला विचारतो, "कुठं ठेवू?" कुणीतरी "जिथून आणलास तिथं" म्हणेपर्यंत त्याची सुटका नाही. लहानपणी आम्हाला याचीच भीती घालून झोपवायचे.

दुसऱ्या दिवसापासून काका खानावळीत यायचे बंद झाले.

एप्रिलमध्ये सातांनी दगड उघडायचं ठरवलं. सात म्हणायचं नुसतं, उरलेत चार, आणि त्यातले दोन अंथरुणाला खिळलेले. म्हणून लोथार आणि काकाच आले. बाबेटबाई आणि मी साक्षीला. दोघींनी पाठ फिरवली. मागं कुदळीचे आवाज, मग हातांनी माती चाळल्याचा आवाज.

"खूण आहे," काका म्हणाले. आवाज विचित्र होता. "वडिलांच्या हातची. जशीच्या तशी."

"असं कसं होईल?" लोथार म्हणाला.

माझ्याही डोक्यात तेच. कारण चोर दगड हलवतो, खूण नाही. ती कशी पुरायची हे त्याला माहीतच नसतं. खूण जिथं, तिथं दगड मुळात बसवलेला. म्हणजे हा दगड कुणी सरकवलेला नव्हता. पण नकाशाप्रमाणे तो सरकलेला होता. आणि खूण पुरू शकणारा माणूस लबाडी करायला निघाला, तर दगड आणि खूण दोन्ही हलवू शकतो. काकांना हे माझ्याआधी सुचलं असणार, कारण त्यांनी दगड परत बसवला आणि ते तडक घरी गेले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघरात पाव, सॉसेज आणि मुळ्याच्या चकत्या तशाच पडल्या होत्या.

"शपथ परत देता येते का गं?" त्यांनी विचारलं. "लोथारला विचारलं तर म्हणतो, मेल्यावर."

"काका, तुम्हाला पासष्टचं काय आठवतं?"

"सगळं आठवतं. तोच तर घोटाळा आहे." ते बोटांनी टेबलावर रेषा ओढत सांगू लागले. "त्या वर्षी बर्फ एकदम वितळलं. ओढ्यानं पूल नेला आणि एकतीस नंबरचा दगडही नेला. सरकारी मोजणीवाला उन्हाळ्यापर्यंत येणार नव्हता. कुरणावर भांडणं नकोत म्हणून वडिलांनी गावची वही काढली. वहीत होतं, कपेलच्या, म्हणजे कुरणाकडेच्या त्या छोट्या प्रार्थनाघराच्या, कोपऱ्यापासून चाळीस काठ्या. आम्ही चर्चमधली मोजणीची काठी आणली आणि चाळीस मोजल्या. मी एक टोक धरलं, वडिलांनी दुसरं. दोनदा मोजल्या."

"बरोबर चाळीस?"

"पोरी, मला चाळीसपर्यंत येतं." मग एकदम हळू आवाजात, "की नाही येत? वडील मोठ्यानं मोजत होते. त्यांनी मधला एखादा आकडा गाळला असेल तर? मला एवढंच कळू दे, माझ्या वडिलांनी चोरी केली का. आणि मी दुसरं टोक धरलं होतं, म्हणजे मी केली का."

मला माहीत नव्हतं. एक काठी जास्त मोजली असती तर फरक साडेतीन मीटरच्या आसपास पडला असता. चार वीस कशातच बसत नव्हतं. घरी जाऊन मी आकडेमोड केली, भागाकार केले, ओढ्याचे जुने नकाशे एकावर एक ठेवून पाहिले. दोनशे वर्षांपूर्वी ओढ्यानं पात्र बदललं तेव्हा बाबेटबाईंच्या कुरणाचा हा तुकडा आमच्या काठाला राहिला, एवढं कळलं. पण त्यानं काय होतं, ते कळेना.

मे महिन्यात बाबेटबाईंनी मला रुबार्बच्या आंबट देठांचा केक खायला बोलावलं. खरं तर त्यांना तक्रार करायची होती.

"मला नकोत ते चार मीटर! खाजकुयलीशिवाय तिथं काही उगवत नाही. मी पंचाहत्तर वर्षांची, ते कापायला कोण, लोथार येणार? बुर्कार्डला सांग, ठेवून घे म्हणावं."

"ते ऐकणार नाहीत."

"ऐकणार नाहीच. मी लग्न होऊन इथं आले तेव्हापासून त्याला ओळखते. चुकून माझी कोंबडी त्यांच्या अंगणात गेली तर अंड्यासकट आणून द्यायचा. जा, गोठ्यातून कांदे घेऊन जा जाताना."

गोठ्यात कांद्यांच्या माळा एका लांब दांडीला टांगलेल्या होत्या. मी एक माळ काढली आणि दांडी हलली. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या होत्या. अंगावर बारा खाचा.

"बाबेटबाई, ही काय आहे?"

"कांद्याची दांडी. सासऱ्यांच्या आधीपासून आहे."

मी खिशातला टेप लावला. तीन मीटर बावन्न. तिथून मी धावतच पूल ओलांडून आमच्या चर्चमध्ये गेले. तिथली काठी वरच्या खिडक्या उघडायला वापरतात. तिलाही बारा खाचा, तशाच टोप्या. तीन मीटर साडेबासष्ट.

साडेदहा सेंटीमीटर. गुणिले चाळीस.

बिशपची काठी वेगळी, सरदाराची वेगळी. बाबेटबाईंचं कुरण सरदाराच्या हद्दीतलं, तेव्हा वहीतल्या त्या चाळीस काठ्या सरदाराच्या. पण पूल वाहून गेलेला आणि दुसरी काठी पलीकडे. आणि अलीकडच्या माणसाला काठी म्हणजे काठी. तीही पलीकडे वेगळी असेल, हे कुणाच्या मनातच आलं नसणार.

मी काकांना सांगितलं तेव्हा ते खूप वेळ दोन्ही काठ्या शेजारी शेजारी धरून उभे राहिले. मला वाटलं, आनंद होईल. ते म्हणाले, "हे तुझं गणित आहे. दगडाखाली काय आहे, ते बघितलं पाहिजे."

"दगडाखाली तर बघितलं ना?"

"त्या नाही. जिथं दगड नाही, त्याच्याखाली."

शनिवारी सकाळी पुन्हा आम्ही चौघं. मी नकाशाप्रमाणे जागा काढून खिळा ठोकला. काका आणि लोथारनं एकतीस नंबर उपटून ढकलगाडीत घातला. मग लोथार खिळ्याजवळ खणू लागला आणि बाबेटबाई आणि मी कपेलकडे तोंड करून उभ्या राहिलो. कुदळ थांबली.

"आहे," लोथार म्हणाला. "अरे, ही तर फार जुनी. आपल्या आजोबांच्याही आधीची."

काकांचा श्वास मला इथवर ऐकू आला. पुरानं दगड नेला होता, खूण नाही. वडिलांनी ती शोधली असणारच, फक्त चार मीटर वीस सेंटीमीटर चुकीच्या ठिकाणी. चुकले होते. चोरी केली नव्हती.

ढकलगाडीचं चाक कुरकुरलं आणि मध्येच थांबलं.

"बाबेट," काका म्हणाले, "कुठं ठेवू?"

"मला काय विचारतोस? जिथून आणलास तिथं ठेव!" त्या पाठमोऱ्याच फटकारून म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. काका तर तो आत्ता चुकीच्या खड्ड्यातूनच आणत होते. लोथार म्हणाला, "म्हणजे परत तिकडं?" काका गाडीच्या मुठी धरून उभेच असणार, कारण चाक वाजत नव्हतं.

"तिकडं नाही रे," बाबेटबाई म्हणाल्या. "देवा. मला म्हणायचं होतं... तुझ्या वडिलांना जिथं ठेवायचा होता ना, तिथं ठेव."

चाक पुन्हा कुरकुरलं. मग दगड खाली टेकल्याचा आवाज, हातांनी माती दाबल्याचा आवाज, आणि काठीनं दगडाच्या डोक्यावर टकटक.

आमच्या चर्चची बाराची घंटा झाली.

"वळायचं का आता?" मी कुजबुजले.

"थांब गं," बाबेटबाई म्हणाल्या, डोळे पुसत. "अजून कुणी सांगितलं कुठं?"

आम्ही तशाच उभ्या राहिलो. चार मिनिटांनी पलीकडे पुन्हा बारा वाजले.