सात बाजांचा सुंभ

परमेश्वराने समुद्रात पाणी ओतलं तेव्हा आमचे व्याही तिथे हजर नव्हते, हे फार बरं झालं. असते, तर 'आधी भांडं मोजा, मग ओता' असं म्हणून त्यांनी सृष्टीचं काम चांगलं लांबवलं असतं. हे माझ्या मुलीचे सासरे. सारी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पुढे नोकरी निवृत्त झाली, निरीक्षक मात्र झाला नाही. भाजीवाल्याच्या तराजूखाली चिंचेचा गोळा चिकटवलाय का, हे ते अजूनही वाकून बघतात आणि मगच भेंडीला हात लावतात. त्यांच्यापुढे 'अंदाजे' हा शब्द उच्चारायची सोय नाही. 'घर अंदाजे कुठे आलं तुमचं?' असं कोणी विचारलं तर ते पत्ता सांगायच्या आधी त्या माणसाची भाषा दुरुस्त करतात. मुलीच्या लग्नाच्या बैठकीला ते पहिल्यांदा आमच्या नगरच्या घरी आले, तेव्हा मुलाकडची मंडळी काय मागतात या धास्तीने आमचा चहा कपातच निवत होता.  व्याह्यांनी समोरच्या पेढ्यांकडे बघत विचारलं, "हे खोक्यासकट तोललेत की खोक्याशिवाय?"  त्यांनी पिशवीतून आपला छोटा काटा काढला, पेढे तोलले, वजन थोडं जास्तच भरलं, तेव्हा दोन पेढे मोजून आमच्या ताटात परत ठेवले आणि म्हणाले, "जास्तही नको. बाकी आमचं काही मागणं नाही." लग्न त्या दोन पेढ्यांवर ठरलं.

विहीणबाई मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या. पारनेर तालुक्यात मुळा नदीच्या काठी त्यांचं माहेर. आईवडील गेले, भाऊ नव्हताच, घर पडलं, जमीन विकली गेली. तेव्हापासून त्यांनी आमच्या घरालाच माहेर मानलं. मला त्या भाऊ म्हणतात आणि दर दिवाळीला दोघं आठवडाभर आमच्याकडे राहायला येतात. विहीणबाई आणि माझी बायको पहिल्या दिवशी ज्या गप्पांना बसतात त्या निघायच्या दिवशीच उठतात. उरलो मी आणि व्याही. आता व्याह्याला घरात नुसतं बसवून ठेवणं बरं दिसत नाही, आणि बाहेर काढावं तर ते काय मोजायला लागतील याचा नेम नाही. त्यांनी स्वतःच तोड काढली. त्यांना डोहात पोहायचा नाद होता. स्विमिंग टँकला ते 'टाकी' म्हणत, आणि टाकीत कपडे धुवावेत, पोहू नये, असं त्यांचं मत होतं. पोहायचं ते नदीने स्वतःच्या हाताने खणलेल्या डोहात. आमच्या जिल्ह्यात प्रवरा आहे, मुळा आहे, कुकडी आहे; म्हणजे डोहांना तोटा नाही. प्रश्न फक्त वाहनाचा होता.

माझी स्कूटर दारात उभी असते. पण तिला ते कधी शिवले नाहीत. "व्याह्याच्या गाडीत पेट्रोल टाकलं तर त्याचा अपमान आणि न टाकलं तर आपल्यावर उपकार," हे त्यांचं तत्त्वज्ञान. म्हणून स्टँडजवळच्या एका गॅरेजवाल्याकडून ते दरवर्षी स्कूटर भाड्याने घेत. ती पांढरी होती असं गॅरेजवाला म्हणायचा. घेताना व्याही टायर दाबून बघत, टाकीत काडी घालून पेट्रोल बघत आणि रस्त्याला लागल्यावर तिचा काटा मैलाच्या दगडांशी ताडून बघत. काटा खोटं बोलतो हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं, तेव्हा त्यांनी परत जाऊन तक्रार केली. गॅरेजवाला हात जोडून म्हणाला, "काका, ही स्कूटर हाय, इमान न्हाई. ती चालती ह्येच लई हाय!" मी मागच्या सीटवर. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल, फराळाचा डबा आणि दोर.

तो दोर बघण्यासारखा होता. जाड नायलॉनचा, दर हाताला एक गाठ, दर पुरुषाला एक लाल चिंधी. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुष. आमच्याकडे विहिरी अजून अशाच मोजतात. दोराच्या टोकाला खात्याने बाद केलेलं एक लोखंडी वजन. मापाशिवाय पाण्यात उतरायचं नाही हा व्याह्यांचा नियम. आधी काठावरच्या शेंदूर लावलेल्या आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवींना, नमस्कार, मग दोर, मग आकडा, आणि मग डोक्याला कानटोपी, डोळ्यांना चष्मा अशा थाटात ते पाण्यात शिरत आणि उताणे होऊन तासन्‌तास तरंगत. मला पोहता येत नाही. मी कपड्यांची राखण करायचो आणि अधूनमधून "पाणी कसंय?" असं विचारायचो. "थंड," असं उत्तर यायचं. इतक्या वर्षांत एवढंच एक माप त्यांनी आकड्याशिवाय सांगितलं असेल.

खरी गंमत व्हायची ती गावकऱ्यांशी. कुठल्याही डोहावर जा, तिथे म्हशी धुणारा एक म्हातारा असतोच आणि त्या डोहाला तळ नसतो. सात घरच्या सात बाजा सोडल्या, त्यांचा सुंभ एकाला एक जोडला, धोंडा बांधून आत सोडला, तरी तळ लागला नाही; हे त्याच्या आज्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. व्याही हे अतिशय आदराने ऐकून घेत. "बाजा कुणाकुणाच्या होत्या?" असं विचारत. मग दोर सोडत आणि तिथल्या तिथे जाहीर करत, "अडीच पुरुष." देवळाली प्रवरेच्या पुढे एका डोहावर असं झालं, तेव्हा म्हातारा चिडलाच. "तुमचं वजन कपारीत आडाकलं आसंल! तळ लागतूय व्हय असा?" व्याह्यांनी त्याच्या समाधानासाठी चार ठिकाणी दोर सोडून दाखवला. म्हाताऱ्याने म्हशी हाकलल्या आणि जाताना आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. निघोजला कुकडीच्या पात्रात खडकाला रांजणासारखे खोल खळगे पडलेत. तिथे व्याहीसुद्धा पोहले नाहीत, पण मोजता आले तेवढे खळगे मोजले आणि माझ्या उपासाच्या दिवशी मला सूर्यास्तापर्यंत खडकावर बसवलं. खर्ड्याकडे गेलो त्या साली पावसाने डोळे वटारले होते. डोह कोरडा ठणठणीत, मधोमध शेळ्या बसलेल्या. तरी शेळ्यांचा मालक म्हणतो, "ह्याला तळ न्हाई." व्याह्यांनी नुसतं बोट दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "त्यो गाळ हाय. तळ त्याच्या खाली." त्या उत्तरावर व्याही इतके खूश झाले की परतीच्या वाटेवर दोन वेळा स्कूटर थांबवून हसले.

मला मात्र एका गोष्टीचं कुतूहल होतं. हा सगळा उद्योग सुरू झाला तो विहीणबाईंच्या माहेरच्या डोहावरून. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं की आमच्या डोहाला तळ नाही. निरीक्षकसाहेब म्हणाले, तळ प्रत्येक गोष्टीला असतो. तेव्हापासून हा वाद त्यांच्या संसारात नांदत होता. सुनेने, म्हणजे माझ्या मुलीनेच सांगितलं, की सासरी जेवताना आमटीत मीठ कमी पडलं तरी गाडी शेवटी त्या डोहावर जाते. मग तो एक डोह सोडून बाकी सारा जिल्हा हा माणूस का मोजत हिंडतो? एका साली आम्ही तिकडे निघालो तर टाकळी ढोकेश्वरला त्यांना भजी खायची लहर आली आणि भजी संपेस्तोवर ऊन उतरलं. पुढच्या साली अमावास्या निघाली. एकदा तर नदीकाठ दिसायला लागला असताना त्यांनी स्कूटर वळवली. म्हणाले, "इंजिनाचा आवाज बरा येत नाही." त्या इंजिनाचा आवाज कधीच बरा येत नसे.

या दिवाळीत विहीणबाई आल्या त्या काठी टेकतच. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं ठरली होती. चकलीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या, "आता माझ्यानं काही नदीत उतरणं व्हायचं नाही. यंदा तुम्ही दोघं जाऊन तो डोह मोजूनच या. एकदाचं काय ते होऊ द्या."  दुसऱ्या दिवशी स्कूटरवर व्याह्यांनी मैलाचे दगडही ताडून पाहिले नाहीत. टाकळी ढोकेश्वरला भज्यांचा वास आला तरी थांबले नाहीत, तेव्हा मीच न राहवून विचारलं. ते पुढे बघतच म्हणाले, "व्याहीबुवा, मी मोजला की तळ लागणार. लागतोच. मी जिंकणार, ती हरणार. तिचं तिथलं घर गेलं, शेत गेलं. माहेरचं म्हणून तिच्याजवळ आता एवढंच राहिलंय. ते मी मोजून काढून घेऊ?"  एवढ्या वर्षांत त्या माणसाने मनातलं काही बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला गलबलून आलं.

डोह देखणा होता. दोन्ही बाजूंना काळा खडक, वर करंजाची सावली आणि मध्ये हिरवं, हलायचं विसरलेलं पाणी. म्हशीवाला म्हातारा होताच. "कुनीकडचं पाव्हणं?" व्याह्यांनी सासऱ्यांचं नाव सांगितलं. म्हातारा लगबगीने उठला. "आरं तिच्या! म्हंजी तुमी गावचं जावई की!" त्याने पागोट्याच्या शेवाने खडक झटकून दिला. "ह्याला तळ न्हाई बरं का, पाव्हणं. माझ्या आज्यानं सात बाजांचा सुंभ—" "सोडला होता," व्याही म्हणाले, "ठाऊक आहे." म्हातारा समाधानाने म्हशींमागे गेला. व्याह्यांनी आसरांपुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडले. मग दोर माझ्या हातात दिला, स्वतः पाण्याकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "तुम्ही सोडा. मी घरचा माणूस, माझी साक्ष चालायची नाही."

मी दोर सोडू लागलो. गाठी हातातून सरकत होत्या, लाल चिंध्या एकेक करून हिरव्या पाण्यात दिसेनाशा होत होत्या. डोह खोल होता, इतर सगळ्यांपेक्षा खोल. मनातल्या मनात मी आसरांना म्हणत होतो, बायांनो, आजचा दिवस सांभाळा. आणि दोर ढिला पडला. वजन अगदी अलगद टेकलं होतं. माझ्या पायाशी दोराचं निम्मं वेटोळं अजून तसंच पडलेलं.

"लागला?" पाठ न वळवता व्याह्यांनी विचारलं.

निरीक्षकाशी खोटं बोलायची माझी छाती नाही. पण तोंडातून गेलं, "नाही."

"दोर?"

"संपला."

व्याही वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाजवळच्या वेटोळ्याकडे पाहिलं. ते उठले, जवळ आले आणि पायाच्या अंगठ्याने ते वेटोळं हळूहळू खडकाच्या कडेवरून पाण्यात ढकललं. दोराचं शेवटचं टोकही माझ्या हातातून गेलं आणि सगळंच बुडालं. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. त्या दिवशी ते चष्मा काढून पोहले.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी निकाल सांगितला, "दोर संपला, तळ लागला नाही. व्याही साक्षीला आहेत." विहीणबाईंनी काठी आपटून माझ्या बायकोला म्हटलं, "मी सांगत नव्हते?" त्या संध्याकाळी त्यांनी दोनदा चहा मागितला आणि आज्याच्या सात बाजांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. व्याही मान खाली घालून ऐकत होते. हरलेला माणूस इतका सुखी मी कधी पाहिला नव्हता.

सकाळी व्याही स्कूटर परत द्यायला गेले, तेव्हा विहीणबाईंनी मला हाक मारली. "भाऊ, खरं सांगा. लागला ना?"

मी ढवळून झालेला चहा पुन्हा ढवळू लागलो.

"लागतोच हो," त्या हसल्या. "परकरात होते तेव्हा बुडी मारून मीच हात लावून आलेय. खाली मऊ वाळू आहे. मूठभर वर आणली म्हणून आईनं बडवलं होतं."

"अहो, मग एवढी वर्षं..."

"लग्न झालं तेव्हा या माणसाला बोलायला विषयच नव्हता, भाऊ. कोपऱ्यात बसून वजनं पुसायचे. डोहाला तळ नाही म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बसले. मग मी कशाला सांगतेय?" त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हीपण सांगू नका. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी खोटं माप पास केलंय. पचू दे."

तेव्हापासून दोघांचीही गुपितं माझ्या एकट्याच्या पोटात आहेत आणि कधी कधी मला वाटतं, बिनतळाचा डोह असलाच तर तो इथे असावा. ते गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. स्टँडवरून जाताना ती पांढरी म्हणवणारी स्कूटर दुसऱ्याच कुणाला घेऊन जाताना दिसली तर मला उगाचच वाईट वाटतं. विहीणबाईंची ऑपरेशनं व्यवस्थित झाली. तेच कळवायला परवा व्याह्यांचा फोन आला. त्या घरातल्या घरात किती पावलं चालल्या ते त्यांनी रोजच्या हिशेबाने सांगितलं आणि मग म्हणाले, "व्याहीबुवा, दिवाळीच्या आधी नगरच्या बाजारात एक दोर बघून ठेवा. पुन्हा तोच डोह घेऊ म्हणतो. ही काठावर बसून बघेल. मागच्यापेक्षा लांब लागेल."

"किती लांब घेऊ?" मी विचारलं.



"घ्या की," व्याही म्हणाले, "अंदाजे."