चालून राहिली

माझ्या सासऱ्यांचं सरकारशी एका मोटारीवरून भांडण होतं. आपलं कोणाशी भांडण चाललंय याचा सरकारला मात्र पत्ता नव्हता.

मोटार लढाईच्या आधीची, विलायती. मालगुजाऱ्या, म्हणजे इकडच्या जमीनदाऱ्या, गेल्या तेव्हा एका मालगुजाराने ती विकायला काढली आणि माझ्या सासऱ्यांनी घेतली. नागपूरच्या महाल भागात त्यांचं घर आणि हातमागाच्या साड्यांचं दुकान होतं, आणि हा माणूस एरवी गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सोडवून, गुंडाळून ठेवणारा. मी लग्न होऊन साताऱ्याहून नागपूरला आले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि ती गाडी माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी होती. हँडल मारून तिला सुरू करावं लागे, आणि ती सुरू झाली की शेजारच्या तीन घरांतली तान्ही मुलं रडत उठत.

तिच्या दाराखाली एक रुंद, ठेंगणं पायदान होतं. खरं म्हणजे त्या पायदानासाठीच गाडी घरात होती. सासूबाईंचे गुडघे गेले होते. सायकलरिक्षात चढताना त्या एकदा मागच्या मागे पडल्या आणि तेव्हापासून त्यांनी रिक्षाला कायमचे हात जोडले. या पायदानावर मात्र आधी एक पाय, मग दुसरा, मग "अगं माय वं" असं म्हणत त्या आत जाऊन बसत. दर गुरुवारी सासरे त्यांना नंदनवन वस्तीत थोरल्या बहिणीकडे नेत. दोघी बहिणी दिवसभर मनसोक्त भांडत आणि संध्याकाळी सासूबाई चिखलदऱ्याची हवा खाऊन आल्यासारख्या टवटवीत होऊन परतत. उरलेले सहा दिवस त्यांना उंबरा ओलांडता येत नसे. गाडी गेली असती तर त्यांचं बाहेरचं जगच संपलं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सासऱ्यांना टॅक्स भरायचा नव्हता. त्यांचा युक्तिवाद असा: "माणूस म्हातारा झाला तं सरकार पेन्शन देते. गाडी म्हातारी झाली तं तिच्याकडून टॅक्स घेते! हा कोनता न्याय गा?" शिवाय गाडी सहा दिवस उभीच असते, मग एका दिवसासाठी सात दिवसांचा टॅक्स काहून भरायचा? जुन्या गाडीला माफी नाही, असं मोटारींच्या ऑफिसात त्यांना सांगण्यात आलं. मात्र गाडी वापरात नाही असं लिहून दिलं तर टॅक्स लागत नाही, अशी एक फट त्यांना तिथेच सापडली. फट दिसली की त्यात बोट घालायचं हा त्यांचा स्वभाव. त्यांनी फॉर्मवर लिहून दिलं, "गाडी उभी आहे." आठवड्यातले सहा दिवस ते शंभर टक्के खरं होतं.

दोन-तीन वर्षं सुखाची गेली. मग एके दिवशी निरोप आला की ऑफिसातले साहेब बुधवारी गाडी पाहायला येणार.

सासऱ्यांनी कंबर कसली. हँडल तांदळाच्या कोठीत गेलं, टपावर गोधड्या वाळत पडल्या, पुढच्या काचेवर मी त्यांच्या हुकमावरून राखेचं पाणी शिंपडलं. मला त्या सगळ्या प्रकाराची फार मजा वाटत होती, हे कबूल करते. गाडी बंद आहे म्हणायचं, हे सगळ्यांना पढवून झालं. अडचण एकच होती. सासूबाई खोटं बोलत नसत. म्हणजे अजिबातच नाही. पाहुण्यांनी "भाजी कशी झाली?" विचारलं तर आम्हाला घाम फुटायचा.

"मी लबाड बोलनार नाही," त्यांनी सांगून टाकलं.

"मंग चूप तं राहशील?" सासऱ्यांनी जवळजवळ पदर पसरला.

"कोनी इचारलं नाही तं राहीन."

साहेब आले. तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. मी "बसा की" म्हटलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "साताऱ्याच्या का? मी कराडचा!" त्या एका 'की'वर आमची ओळख पटली. इथली बोली अजून कानात बसत नाही, अशी त्यांनी माझ्याजवळ कुरकूर केली. मलाही पहिलं वर्षभर ती बसली नव्हती. 'जेवून राहिले' म्हणजे जेवताहेत, जेवून थांबलेत असं नव्हे, हे कळेपर्यंत मी दोनदा सासऱ्यांच्या पुढचं ताट उचललं होतं.

साहेबांनी गोधड्या बाजूला करून गाडी पाहिली. सासरे कायदा सांगू लागले तसं त्यांनी हात वर केला. "तुम्ही थांबा. मी आजींना विचारतो. आजी, ही गाडी चालते का हो?"

सासऱ्यांनी डोळे मिटले. सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि स्वच्छ आवाजात खरं ते सांगितलं, "अवो, इतके वर्स झाले, चालून राहिली बिचारी!"

झालं, असं मला वाटलं. आता टॅक्स, दंड, आणि गाडी कबाड्याकडे. कारण दंड भरावा लागला तर मी ती विकीन, असं सासरे आदल्या रात्रीच बोलून बसले होते. पण साहेबांनी हळहळून मान हलवली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "इतकी वर्षं चालून चालून शेवटी राहिली. असंच ना, ताई?"

अंगणात दोन्ही भाषा येणारी मी एकटी. सासरे एक डोळा उघडून माझ्याकडे पाहत होते. सासूबाई निश्चिंत होत्या. खरं बोलून त्या मोकळ्या झाल्या होत्या. मी सासूबाईंकडे हात करून म्हटलं, "आत्याबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत, साहेब."

त्यांनी लिहून घेतलं. त्या रात्री मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

महिन्याभराने कागद आला, तो नेमका गुरुवारी सकाळी. सदर वाहन कायमचे निकामी झाल्याची नोंद घेण्यात आली असून ते यापुढे रस्त्यावर आणता येणार नाही. सासऱ्यांनी 'कायमचे' हा शब्द तीनदा वाचून घेतला आणि दुकानातल्या माणसांना चहा पाजला. सासूबाई नवी साडी नेसून पायदानापाशी उभ्या होत्या. "काय लिहिलं त्यात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"निकामी? मी तं चालून राहिली म्हटलं!"

"साहेबांना वाटलं, चालायची राहिली."

त्या माझ्याकडे वळल्या. "तुले समजलं होतं?"

"हो."

"मंग काहून नाही बोलली वं?"

गंमत वाटली म्हणून, असं कसं सांगणार?

"म्हंजे माह्या तोंडातून तुमी दोघाईनं लबाड काढलं," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन साडी बदलून आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या गाडीत बसायला तयारच होईनात. सासऱ्यांनी समजावलं, आमच्या गल्लीतून नंदनवनपर्यंत कोण अडवणार आहे? पण पुढचे दोन गुरुवारही तसेच गेले. बहिणीने दूधवाल्याबरोबर निरोप धाडला, "येऊन नाही राहिली, मेली का?" सासूबाईंनी उलटा निरोप दिला, "मी नाही मेली. गाडी मेली." दिवसभर त्या खिडकीशी तोंड फिरवून बसत. भांडायला कोणी नसल्यामुळे त्यांचा आवाज बसल्यासारखा झाला. सासरे दुकानातून लवकर घरी येऊन त्यांच्याशी भांडायचा प्रयत्न करत, पण ते जमत नसे. बहिणीची सर नवऱ्याला येत नाही.

चौथ्या आठवड्यात सासऱ्यांनी टोपी घातली आणि ते मोटारींच्या ऑफिसात गेले. जन्मभर टॅक्स चुकवायला धडपडलेला माणूस खिडकीशी हात जोडून उभा होता, "भाऊ, मले टॅक्स भरायचा आहे." कारकून म्हणाला, निकामी गाडीचा टॅक्स घेता येत नाही. गाडी चालू आहे हे इथे आणून दाखवा. पण निकामी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही.

शेवटी जवळच्या खापा गावातल्या एका नातेवाइकाची बैलजोडी आणली आणि दोरखंडाने गाडीला जुंपली. सासूबाईंनी सगळं नीट पाहिलं. "इंजन बंद आहे, बैल ओढून राहिले. यात काही लबाड नाही," असं म्हणत त्या पायदानावरून आत जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, "तूही बस. तुहं काम आहे." महालातून निघून सीताबर्डीच्या गर्दीतून आम्ही बैलांच्या चालीने गेलो. लोक विचारत होते, "वरात कोनाची गा?" एरवी मी हसून हसून बेजार झाले असते.

ऑफिसच्या आवारात बैल सोडले. सासऱ्यांनी हँडल मारलं. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा नुसता खोकला, तिसऱ्यांदा गाडी अशी दणाणली की साहेब बाहेर धावत आले. "अहो, ही तर राहिली होती ना?"

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "सांग आता. तुह्या भाषेत सांग."

मी सांगितलं. त्या दिवशीही गाडी चालत होती, आत्याबाईंनी तसंच सांगितलं होतं, तुम्ही उलट ऐकलंत हे मला कळलं होतं आणि मी मुद्दाम गप्प बसले. साहेबांचे कान लाल झाले. "ताई, तुम्ही तर आमच्याकडच्या," एवढंच ते म्हणाले. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं. सासऱ्यांनी मागचा सगळा टॅक्स दंडासकट भरला आणि एकही युक्तिवाद केला नाही.

तो गुरुवार नव्हता, तरी गाडी तिथूनच थेट नंदनवनला गेली. आवाज ऐकून थोरल्या बहीणबाई दारात येऊन उभ्याच होत्या. "आली का महाराणी? इतके दिवस कुठं खपली होती? काहून नाही आली?"

मी खाली मान घातली. आता या जसंच्या तसं सगळं सांगणार. नंदनवनला कळलं म्हणजे दिवाळीपर्यंत सगळ्या नात्यागोत्यात कळलं, आणि साताऱ्याच्या सुनेची अब्रू वेशीवर टांगली गेली.

सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून पायदानावरून खाली उतरल्या. त्यांनी श्वास घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा अडखळल्या.

"ही आजारी होती," त्या बहिणीला म्हणाल्या. "जिभेले फोड आला होता हिच्या. बोलताच येत नव्हतं बिचारीले."