विल्फची जळकी वाफ

इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टनच्या बाजारात माझा चीजचा गाळा, आणि शेजारी नोरीन शटलवर्थचं ई-सिगारेटचं दुकान. तिचा नवरा सिगारेटपायी गेला. त्यानंतर तिने स्वतःची पाकिटं शेगडीत घातली आणि हे दुकान थाटलं. एखादं गिऱ्हाईक पुन्हा सिगारेटकडे वळलं, की ती दिवसभर धुमसायची.

एका सकाळी विल्फ एंटविसल तणतणत आला. गिरणीतून निवृत्त झालेला, शर्यतीची कबुतरं पाळणारा गडी. त्याने ई-सिगारेट काउंटरवर आपटली.

"ओठ भाजले माझे! चव तर करपलेल्या पावासारखी. आज सिगारेटच घेतो बघ."

"घेऊन तर बघ, तंगडी मोडीन. दे इकडे."

हवा कमी-जास्त करायची चकती त्याने जवळजवळ बंद केली होती आणि उष्णतेचा आकडा चढवून ठेवला होता. कॉइलमधला, म्हणजे तापणाऱ्या तारेतला, कापूस काळाठिक्कर पडलेला.

"हवा कमी केली की वाफ जोरात लागते ना?" विल्फ म्हणाला.

"लागली की! ओठांना!"

तिने नवी कॉइल बसवली, द्रव भरला, पण त्याला हात लावू देईना. "कापूस भिजू दे आधी. चहा मुरू देतोस ना, तसं." मग चकती उघडली, आकडा उतरवला. विल्फने झुरका घेतला. वाफ गार लागली. खूश होऊन गेला.

आठवड्याभरात पुन्हा तेच रडगाणं. या वेळी खिशात सिगारेटचं पाकीटही होतं, अजून न फोडलेलं. नोरीनने दुकान माझ्यावर सोपवलं.

"चल, तू ही ओढतोस कुठे ते दाखव."

तो तिला कबुतरांच्या ढाबळीत घेऊन गेला. पुढचं मला त्यानेच सांगितलं. दाण्याच्या फळीवर तो ई-सिगारेट उघडीच ठेवायचा. नोरीनने भिंगातून पाहिलं, तर हवेच्या भोकांत पिसांची भुकटी गच्च बसलेली! हवा अडायची, कॉइल तापायची, कापूस करपायचा.

"सापडलं!" ती इतक्या जोरात ओरडली, की कबुतरं फडफडली.

ब्रशने भोकं साफ झाली, कॉइल बदलली. ढाबळीत शिरताना ई-सिगारेट झाकणाच्या डब्यात ठेवायची, असा हुकूम निघाला. पाकीट विल्फने आपणहून तिच्या हाती दिलं.

वसंतात त्याने कबुतरांची टोपली स्वतः उचलून गावामागच्या टेकडीवर नेली. आधी त्याला दम लागायचा, म्हणून हे काम पुतण्या करायचा. मागून नोरीन धापा टाकत येत होती.

"चल की गं म्हातारे!"

"गप! सोड ती पाखरं!"

त्याने झाकण उघडलं. पाखरं उसळून वर गेली, आणि ती दोघं टोप्या उडवत गळा फाटेस्तोवर ओरडली.