तळकाकांची होडी भरायची रीत

तलावावर होड्या भाड्याने देणाऱ्या गृहस्थांना सगळे तळकाका म्हणतात. सामान घेऊन कुणीही आलं की त्यांचं एकच पालुपद, "तळात घाला, तळात!" वय साठीच्या पुढे, अंगात उसवलेला बिनबाह्यांचा स्वेटर, आणि गुडघ्यापर्यंत कायम ओले.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ते तलावावर पोरीला सोडायला गेले तेव्हा. सोळा वर्षांची लेक मैत्रिणीबरोबर कॅनूतून पलीकडच्या काठावर जाऊन दोन दिवस तंबूत राहणार होती. शाळेतल्या बाई बरोबर होत्या, पण दुसऱ्या होडीत. कॅनू म्हणजे लांब, अरुंद, दोघींची होडी. ती जरा जरी डगमगली तरी पोरीला घेऊन परत येईन, असं मी घरातूनच बजावलं होतं. त्यामुळे सकाळपासून लेक माझ्याशी फार गोड बोलत होती.

सामान मीच भरलं. खाली तंबू, त्यावर पाण्याचा कॅन, शिध्याच्या पिशव्या, आणि सर्वांत वर माझी खास पिशवी: दोन जाड रजया, औषधं, एक टॉर्च आणि तो बिघडला तर दुसरा.

तळकाकांनी पाण्यात उभं राहून होडीचा काठ नुसता दोन बोटांनी दाबला. होडी अशी कलंडली की माझी खास पिशवी थेट पाण्याकडे झुकली.

"बघितलंस? चल घरी," मी लेकीला म्हणाले.

"आई!"

"ताई, होडीला कशाला बोल लावता? हा डोंगर कुणी रचला?"

लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं.

तळकाकांच्या बायको बाकावर बसून लाइफ जॅकेटचे पट्टे शिवत होत्या. "डोंगर रचायचा कसा ते यांना विचारा," त्या म्हणाल्या, "आणि कोसळतो कसा ते मला."

तळकाकांनी वीस वर्षं ट्रकमधून लोकांची घरं हलवली होती. तिथला नियम म्हणजे कपाट उभं, त्यावर गाठोडी, थेट छतापर्यंत. पहिल्यांदा होडी घेतली तेव्हा त्यांनी तीही तशीच भरली. लोखंडी पेटी उभी, वर गादी, पुढे बायको.

"दहा हातसुद्धा गेलो नाही," काकू म्हणाल्या. "गादी तरंगतेय, मी गटांगळ्या खातेय, आणि हे ओरडतायत, अगं पेटी धर, पेटी!"

सगळ्यांत मोठ्याने हसले ते तळकाकाच. त्यानंतर अख्खा उन्हाळा ते काठाजवळ वाळूच्या पिशव्या होडीत भरायचे, होडी मुद्दाम कलंडवायचे आणि पुन्हा भरायचे.

आता त्यांनी माझा डोंगर उतरवला. पाण्याचा कॅन मधोमध, आडवा. त्याला टेकून तंबू. शिधा पुढे-मागे सारखा वाटून. मग सगळं दोरीने आवळलं. "होडी कलली की सुटं सामान त्याच बाजूला धावतं. भांडणात तेल ओतणाऱ्या शेजाऱ्यासारखं!" शेवटी काठ पाण्यापासून वीतभर वर आहे ना, हे वीत लावून पाहिलं. माझ्या पिशवीतली औषधं आणि एक टॉर्च तेवढी आत गेली. रजया माझ्या काखेत आल्या.

"आता बसून बघा."

"मी?"

आधी त्यांनी मला शेजारच्या रिकाम्या होडीत बसवलं. ती पाऱ्यासारखी चळवळत होती. मी शिंकले असते तरी पालथी झाले असते. मग लेकीच्या भरलेल्या होडीत, पुढच्या जागी बसले. लेक मागे वल्हं घेऊन. होडी कलली, आणि मांजर अंग झाडून बसावं तशी पुन्हा सरळ झाली. तेच सामान! मी घट्ट धरलेला होडीचा काठ सोडला. पाण्यात हात बुडवला. लेकीने होडी गर्रकन वळवली तेव्हा मी चक्क खिदळले.

"मावशी, उतरा ना आता!" काठावरून मैत्रीण ओरडली. "ती माझी जागा आहे!"

"अजून एकच फेरी," मी म्हणाले.

"आई, जायचं कुणाला आहे?" लेक म्हणाली.

"तुलाच. पण थांब जरा."

तिसऱ्या फेरीनंतर मी उतरले आणि मैत्रीण बसली. बाईंच्या होडीमागून दोघी निघाल्या. बऱ्याच लांबून लेकीने वल्हं उंच केलं.

"अगं, उभी राहू नकोस!" मी आणि तळकाका एकदमच ओरडलो.

ती बसलेलीच होती.