वसंताच्या विमानाची मागची खिडकी

माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरचे तिन्ही पंखे फिरत होते.

चहाला बोलवायला मी वर गेलो होतो. वसंता खुर्चीत मागे टेकून बसलेला. समोर स्क्रीनवर विमान धावपट्टीवर उभं.

मला वाटलं, डुलकी लागली.

आज त्याला वर्ष झालं.

पोस्टात नोकरी केली त्याने. लग्न केलं नाही. नागपुरात मनीषनगरच्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहायचा. रिटायर झाल्यावर त्याने स्वतःच्या हाताने गेमिंग कॉम्प्युटर बनवला, हे मात्र तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

गेम एकच. विमान चालवायचा.

लहानपणी गावी आम्ही तुरीच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, विमानामागे धावायचो. ते ढगात शिरलं की मी शाळेतली पाखरांची कविता म्हणायचो आणि वसंता म्हणायचा, "दादा, मी पायलट होईन. पयले तुले बसवीन."

पुढे त्याला जाड भिंगाचा चष्मा लागला. विषय तिथेच मिटला, असं मी तरी समजत होतो.

पेन्शनीत बसेल असं एकेक सामान त्याने जमवलं. कोणाचा तरी जुना कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, सेकंडहँड ग्राफिक कार्ड. पंखे तेवढे नवे. डायनिंग टेबलवर सगळं पसरलेलं असायचं आणि माझी बायको जेवायची ताटं मांडीवर द्यायची.

मशीन सुरू झाली. विमान उडालं.

पण आपला नागपूरचा मे महिना! विमान शहराभोवती फेरी मारून खाली यायचं, धावपट्टी दिसायची, आणि स्क्रीन काळी.

मशीन तापून बंद.

रोज हेच. दुपारी वरून "अर्रर्र" ऐकू आलं की आम्ही खाली समजायचो, गेलं विमान.

मी सुचवलं, खालचा कूलर वर नेऊ आणि मशीनच्या तोंडासमोर लावू. तो हसला. म्हणाला, ओली हवा आहे ती, मशीन गंजून जाईल. मग मी त्याला वाऱ्यावरची एक कविता ऐकवली. सहावीच्या पुस्तकातली, अजून पाठ आहे.

"दादा, तुह्या कवितेनं प्रोसेसर थंडा होत नाही गा."

मी विचारलं, "मले कधी बसवतो मग?"

तो चष्मा पुसत राहिला.

"इंजिन बंद पडणाऱ्या विमानात मी तुले नाही बसवणार."

गमतीत नव्हता म्हणाला.

आता आमच्या घरातलं एक जुनं भांडण सांगतो. कूलर लावला की समोरची, म्हणजे मागच्या अंगणाकडची खिडकी उघडी ठेवायची, हा आमच्या आईचा नियम. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक. नागपुरात हे कोणाला सांगावं लागत नाही.

मला सांगावं लागायचं. खिडकी उघडी असली की माझे कवितांचे कागद उडतात. मी हळूच लावून घ्यायचो. वसंता येऊन उघडायचा. हे आम्ही आयुष्यभर केलं.

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका दुपारीही मी ती लावली होती. तो घामेजलेला खाली आला, खोलीत शिरला आणि चिडला.

"काहून बंद केली गा? कूलर लावून उकडून राहिलं!"

त्याने खिडकी उघडली. पडदा सुळकन बाहेर ओढला गेला. माझे कागद उडाले. मी वेचायला वाकलो, तर हा तिथेच उभा. हात कडीवर तसाच.

"दादा," तो म्हणाला, "आपण त्याची मागची खिडकीच नाही ठेवली."

तिन्ही पंखे त्याने हवा आत घेणारे लावले होते. समोरचे दोन आणि मागचाही. आपण नागपूरकर, पंखा म्हटला की गार हवा आत, एवढंच डोक्यात. तापलेली हवा कुठून जाणार, याचा विचारच नाही. त्यात कॅबिनेटची पाठ भिंतीला चिकटलेली.

तो स्क्रूड्रायव्हर घेऊन वर पळाला. मागचा पंखा उलटा केला. टेबल भिंतीपासून ओढलं. मला म्हणाला, मागे हात धर.

गरम हवा तळहाताला लागली. एखाद्याने दमून उसासा सोडावा तशी.

दुसऱ्या दिवशी त्याने माझी खुर्ची आपल्या शेजारी मांडली. धुतलेला शर्ट घालून बसला होता.

आम्ही नागपूर सोडलं. वैनगंगेच्या वळणावरून आमच्या गावावर गेलो. खाली नुसता हिरवा ठिपका. घर नाही, विहीर नाही. वसंता म्हणाला, ते पाह्य, आई वाळवण घालून राहिली.

मला दिसली.

मी पाखरांची कविता पुटपुटू लागलो. वाटलं, आता टोमणा येईल.

"मोठ्यानं म्हण ना गा. केबिनमध्ये ऐकू येऊन नाही राहिलं."

विमानतळाजवळच्या मिहानच्या बाजूने खाली आलो. धावपट्टी दिसली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

स्क्रीन काळी झाली नाही.

चाकं टेकली. वसंताने इंजिन बंद केलं. मग चष्मा काढून म्हणाला, "उतर दादा. आलं नागपूर."

त्यानंतर आठवडाभरात तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच.

त्या दिवशी मशीन बंद करण्याआधी मी कॅबिनेटच्या मागे हात धरला होता. वारा येत होता.

आज दुपारी कूलर लावला. सवयीने हात खिडकीच्या कडीकडे गेला.

नाही लावली.

कागद खोलीभर झालेत. ही पोस्ट लिहून झाली की वेचतो.

वसंता, तू मला बसवलंस. मागची खिडकी उघडी आहे गा.

सुखाने जा.