आत्यांचं ऐकणारं सरकार

सरकार आपलं सगळं बोलणं चोरून ऐकतं, ही आनंदाची बातमी मानणारी बाई या देशात एकच असावी, आणि त्या म्हणजे आमच्या हिच्या आत्या. बाकीच्यांना हे कळलं की धडकी भरते. आत्या म्हणाल्या, "बरं झालं की! कुनीतरी ऐकतंय म्हनायचं." संत तुकाराम नगरातल्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर, त्या एकट्या राहतात. यजमान कंपनीतून निवृत्त झाले आणि वर्षभरात गेलेही. मुलगा चाकणला एका कारखान्यात, राहायलाही तिकडेच. नकाशावर अंतर काहीच नाही. पण शिफ्ट, ओव्हरटाइम आणि चाकणचा ट्रॅफिक धरला तर त्याच्यापेक्षा दुबईला असलेला मुलगा जवळचा पडावा. आईला करमावं म्हणून त्यानेच तिला स्मार्टफोन घेऊन दिला, आणि कशा कोण जाणे, आत्या 'तिसरा कान' नावाच्या ग्रुपात जाऊन पडल्या.

सरकारने जनतेपासून काय काय लपवलंय, ते या ग्रुपात रोज सकाळी गुलाबाच्या चित्रासकट सांगितलं जाई. ग्रुपचे प्रमुख तळेगावचे एक निवृत्त मास्तर. उपग्रह, चौकातले कॅमेरे आणि मेट्रोचे खांब यांचं नातं ते इतक्या शांतपणे समजावत, की शंका काढणं उद्धटपणाचं वाटावं. इंद्रायणीवर अधूनमधून पांढरा फेस येतो ना, तो म्हणे मुद्दाम सोडलेला असतो. खाली चाललेलं उपग्रहाला दिसू नये म्हणून. "अहो आत्या, ते सांडपाणी आहे," मी एकदा न राहवून म्हणालो. आत्यांचं माहेर मावळातलं. सारा जन्म शहरात गेला तरी जिभेने माहेर सोडलेलं नाही. माझ्याकडे दयेने बघत त्या म्हणाल्या, "व्हय जावईबापू. तुमी तसंच म्हनावं, हेच तर त्यांना पायजे हाय." मी चहा प्यायलो.

मग इमारतीत विजेची नवी मीटरं बसली आणि मास्तरांनी जाहीर केलं की या मीटरांना कान आहेत. ग्रुपातली माणसं मीटरजवळून तोंडावर बोट ठेवून जाऊ लागली. एका गृहस्थांनी तर मीटरवर गोधडी टाकली. आत्यांनी उलटा विचार केला. ऐकतायतच, तर कामाचं ऐकू देत. गेटापुढे पाइपासाठी खणलेला चर किती दिवस तसाच उघडा पडला होता. आत्या जिन्याखाली मीटरांपुढे उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "नमस्कार सायेब. मी तळमजल्यावरची. त्यो चर बुजवा. कुनी पडलं तर नाव तुमचंच खराब हुईल." आठवड्याच्या आत चर बुजला. पुढे रस्त्यावरचा बंद दिवा लागला. कचऱ्याची गाडी वेळेवर यायला लागली. आधी तोंडाला पदर लावून हसणाऱ्या शेजारणी आता दारात थांबून म्हणत, "आत्या, तेवढं तुंबलेल्या गटाराचं घाला ना साहेबांच्या कानावर!" आत्या घालत. काही काम नसलं तरी त्या जिन्याखाली चक्कर टाकत. "जेवला का सायेब?" असं त्यांना मीटराला विचारताना मी स्वतः ऐकलंय.

हे यश त्यांनी मोठ्या हौसेने ग्रुपात सांगितलं आणि तिथे घोटाळा झाला. मास्तरांचा व्हॉइस मेसेज आला, पण आवाज नेहमीसारखा शांत नव्हता. "आमचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि ताई जिन्याखाली पुटपुटल्या की आठवड्यात काम? ताई, तुम्ही नक्की कुणाच्या?" पाठोपाठ कुणीतरी 'खबरी' असं लिहिलं आणि आत्यांना ग्रुपातून काढून टाकलं. आत्यांना वाटलं फोनच बिघडला. तो घेऊन त्या माझ्याकडे आल्या. काय झालंय ते मला सांगावं लागलं. त्या खुर्चीत बसल्या आणि फोन मांडीवर उलटा ठेवला. मग म्हणाल्या, "खबरी म्हन्ले मला? रोज माज्या गुडघ्याचं इचारायचे हो ते मास्तर." या ग्रुपावर मी आजवर पोटभर हसलो होतो. त्या दिवशी हसू आलं नाही. पुढे मास्तरांनी एकट्या आत्यांना मेसेज केला, 'ग्रुपला कळू देऊ नका, पण गुडघा कसा आहे?' आत्यांनी उत्तर दिलं नाही. "गुपचूप इचारतोय. ह्योच सरकारचा मानूस न्हाई कशावरनं?"

पण त्यांनी फोनच बाजूला ठेवला आणि जिन्याखाली जाणंही सोडलं. मुलाने फोन केले, तेही उचलेनात. तेव्हा एका रविवारी सकाळी तो रात्रपाळी करून कंपनीच्या कपड्यांतच येऊन थडकला. मीही तिथेच होतो. थालीपीठ खाता खाता त्याने सगळी हकिगत ऐकली आणि मान खाली घालून हसला.

"आई, मीटरात कुणी साहेब नाही गं. चर उघडाय, दिवा बंदाय, हे तू मला फोनवर सांगायचीस की नाही? मी कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या महापालिकेकडं ऑनलाइन तक्रार टाकायचो. फोटो शेजारच्या वहिनी पाठवायच्या."

"मग बोलला न्हाईस कदी?"

"आधी विसरलो. नंतर म्हटलं, एवढी खुशीत आहे तर कशाला सांगा. काय दाजी?"

मी मान हलवली. आत्यांनी त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "आसं सांगाया तुला कुनी लावलंय का?"

"नाही गं आई."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. पाणी घ्यायच्या निमित्ताने मी मागोमाग गेलो. तव्यावरचं थालीपीठ करपत होतं आणि आत्या नुसत्या त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. "सरकार ऐकतंय म्हन्ल्यावर मला लगीच पटलं हुतं," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यो ऐकत हुता, ते मातुर पटंना झालंय बगा."

आम्ही बाहेर आलो तर तो बसल्या बसल्याच झोपून गेला होता, ताटली मांडीवर तशीच. आत्यांनी ती अलगद काढून घेतली आणि त्याच्या मानेखाली उशी सरकवली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"हळू," त्या कुजबुजल्या. "तिसऱ्या पाळीचा हाय. निजू द्या."